तळेगावची हवा

हेमा,

आत झोपलोय. चहाला उठवू नकोस, पण काळजीही करू नकोस.

आठवडाभर मी वाचनालयात जात नव्हतो. माझ्या खोकल्यापायी तळेगावला राहायला गेलो, तर तुला शाळेसाठी रोज लोकलचा जो प्रवास पडेल, तो करून पाहत होतो. तोही उलट्या दिशेनं, बसायला जागा मिळत असताना. सोमवारी तिथली हवा फार आवडली. गुरुवारी हवेकडे लक्षच गेलं नाही. आज येताना असा झोपलो, की एका बाईंनी हलवून सांगितलं, "आजोबा, शेवटचं स्टेशन आलं."

तुझी नोकरी अजून सहा वर्षं आहे. 'तुमच्या मनासारखं होऊ दे' म्हणालीस ना? मग तिथल्या घराच्या एजंटला 'नाही' म्हणून कळव. खोकल्याला मी सांगितलंय, आपण इथंच राहायचं.

श्रीधर