कानातलं यंत्र आणि जपानी वाद्य

कात्रप, बदलापूर

तेजलच्या बाबांना अंजनीचा मनापासून नमस्कार.

मी इथे ठणठणीत आहे. जावई रोज स्वतः चहा करून देतात, तेव्हा माझी काळजी करू नका. कानातलं यंत्र मात्र मी काढून कपाटात ठेवलं होतं. ते घालून बाजारात गेले, तर रिक्षांचे भोंगे थेट डोक्यात घुसले. आता यंत्र नको, सरळ गावी परतायचं, असं मनाशी ठरवलंही होतं.

शनिवारी तेजल मला अंबरनाथला एका जपानी बाईंच्या कार्यक्रमाला घेऊन गेली. "आई, या फार हळुवार वाजवतात. एकदाच घालून बघ," म्हणाली. बाईंनी समोर आडव्या ठेवलेल्या लांब लाकडी वाद्याची एकच तार छेडली आणि थांबल्या. तो सूर विरेपर्यंत सभागृहात कुणी हललं नाही. मग दुसरी तार. पाऊस थांबल्यावर रानात पानांवरून पाणी गळतं, त्यावरची ती रचना होती. अहो, मला एकेक थेंब वेगळा ऐकू आला.

शेजारी तेजल मुसमुसत होती, तेही ऐकू आलं.

"रडतेस कशाला?" मी विचारलं.

"आई, तू कुजबुजून बोललीस," ती म्हणाली. "किती वर्षांनी."

तेव्हापासून यंत्र कानातच आहे.

कपिला व्याली का? शेजारच्या वहिनी दूध काढायला येतात ना? रविवारी फोन करा, मीच उचलेन. खोकला गेला असं तुम्ही तेजलला सांगता, ते आता मी स्वतःच्या कानांनी ऐकणार आहे.

तुमच्या फोनची वाट बघणारी,
अंजनी