गोळी मला सोसत का नव्हती

१२ जून
उदासीवरची ही तिसऱ्या प्रकारची गोळी. हात असे थरथरतात की चहा बशीत सांडतो. मन होतं तिथंच. डॉ. म्हणाले, जनुकांची तपासणी करू. औषध तुमच्या अंगात किती वेगानं विरतं ते कळंल. राजारामपुरीतच रक्त दिलं. येताना रिक्षावाल्याशी उगाच बोलत बसलो. घरी कोण आहे बोलायला.

१५ जून
गारगोटीहून लेकीचा, सुजाताचा फोन. सातवा महिना लागला. रविवारी डोहाळजेवण. "आण्णा, तुम्ही नका येऊ. सासरी तुमच्या आजाराचं कुणाला म्हाईत न्हाय. हात बघून इचारतील." बरं म्हणालो. तिची आई असती तर ती तरी गेली असती.

रविवार
झालं असेल आता. फोटो आले नाहीत. ओटीसाठी आणलेली हिरवी साडी कपाटातच. भात लावला, खाल्ला नाही.

२९ जून
रिपोर्ट आला. माझं अंग ही गोळी फार हळू विरवतं. म्हणून ती साचत गेली. डॉ.नी गोळी बदलली, तीही निम्म्या मात्रेपासून. भाऊबंद 'मनाचा कच्चा' म्हणत आले. निदान थरथर तरी मनाची नव्हती.
सु.ला फोन केला. तिचा एकच प्रश्न, "बाळाला हुईल का, ते लिवलंय काय त्यात?"

३० जून
डॉ.ना विचारलं. म्हणाले, "ही तपासणी औषधापुरती. आजार कुणाला होणार हे नक्की सांगणारी तपासणी अजून नाही. घराण्यात कल असतो, पण होतोच असं नाही."
'रिपोर्ट चांगला आहे' एवढंच म्हटलं असतं तर भागलं असतं. पण जे ऐकलं तेच सु.ला सांगितलं. तिनं फोन ठेवला.

१४ जुलै
थरथर कमी. रंकाळा तलावाला एक फेरी मारली. एकट्यानंच. बाकावर जोडपी, पोरं. कुणाला तरी सांगावंसं वाटलं, की आज बरं वाटतंय.

१६ जुलै
सु.चा फोन. "सांगितलं मी घरात, तुमच्या आजाराचं."
"काय म्हणाले?"
"सासूबाई म्हणाल्या, आधी का न्हाय सांगितलंस. मग सैपाकाला लागल्या."
"मी येऊ काय?"
"थांबा की दोन दिवस."
मागं भांड्यांचा आवाज येत होता. तिनं फोन ठेवला नाही. मीही नाही.