अध्यक्षाचं पोतं

सोमवार, ३ नोव्हेंबर
बाजार समितीच्या यार्डात वामनभाऊची नवी गाडी. हमालांचा अध्यक्ष, आणि उतरला अडत्याच्या गादीसमोर. हमालीचे दर कैक वर्षं आहेत तिथंच, हा आत पोहे खात बसला. मी संघटनेचा सचिव, बाहेर उन्हात. निघताना म्हणतो, "धीर धरा गा." याला आता आमदारकीचं तिकीट पाहिजे, आणि ते व्यापाऱ्यांना खूश ठेवल्याशिवाय मिळत नाही. या वेळी अध्यक्षपदाला मी उभा राहणार. बस झालं.

बुधवार, ५
अर्ज भरला. वा.भाऊ चारचौघांत म्हणाला म्हणे, "त्याले सही करता येते, बाकी काय येते?" डोक्यात तिडीक गेली.
आमची जुनी रीत आहे. उभं राहणाऱ्यानं मतदानाआधी सगळ्यांसमोर क्विंटलचं पोतं ट्रकपासून वजनकाट्यापर्यंत पाठीवर न्यायचं. भाऊ बिनविरोध येत गेला, रीत मागं पडली. ती उकरून काढतो.

शुक्रवार, ७
बैठकीत विषय काढला. त्याला छातीचा त्रास आहे, सगळ्यांना माहीत. मलाही. आमच्यातले सर्वांत जुने हमाल रहमान चाचा म्हणाले, "काहून मांगं लागला त्याच्या? मरन तो."
"रीत सगळ्यायची हाय चाचा. म्या थोडीच बनवली?"
वा.भाऊ माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता माघार घेईल.
"उचलतो ना," म्हणाला.

रविवार, ९
खादीचा कुर्ता काढून बनियनवर आला. दोघांनी पाठीवर पोतं दिलं. आणि चालला की. पाऊल कसं टाकायचं ते विसरला नव्हता. माझा जळफळाट. अर्ध्या वाटेत गुडघे वाकले, तोंडावर पडला, पोतं मानेवर. हमाल हातातलं टाकून धावले. चाचा रडत होते. त्याच्याच गाडीत घातला. मी दाराशी गेलो, कोणी आत जागा दिली नाही.
मतदान आठवडाभर पुढे.

मंगळवार, ११
यवतमाळला दवाखान्यात जाऊन आलो. लोक नावं ठेवतील म्हणून. वाईट वाटलं म्हणून नाही. मला बघून वहिनी उठून बाहेर गेल्या. वा.भाऊच्या मानेला पट्टा, आवाज तोच.
"अर्ज वापस नाही घेत मी. पडलो, पण उचललं तं मी." मग म्हणाला, "तू कधी उचलून राह्यला?"
मी नेलेली केळी खाटेजवळ ठेवली.
"रीत सगळ्यायची हाय ना? रविवारी येतो मी पाहाले."
सचिव झाल्यापासून पोत्याला हात लावलेला नाही. तो माघार घेईल, माझ्यावर पाळीच येणार नाही, असा हिशेब होता. माघार तर घेतली नाहीच, वर माझ्या मानगुटीवर बसला.

शनिवार, १५
सकाळी परसात तुरीचं अर्धं पोतं पाठीवर घेऊन पाहिलं. कंबरेत कळ. बायको म्हणाली, "सोडा ना तो नाद. कायले जीव देता?" सोडला तर तो पुन्हा बिनविरोध, आणि दर आहे तिथंच. दरासाठी उभा आहे मी, हे तर खोटं नाही. निदान सगळं खोटं नाही.
दुपारी यार्डात विचारलं, उद्या पोतं पाठीवर कोण देणार. चाचा म्हणाले, "देऊ ना आमी." बाकीचे मान खाली घालून आपापलं काम करत राहिले.
वा.भाऊ पडला तेव्हा सगळं यार्ड धावलं. उद्या मी पडलो तर कोण धावेल, दुपारपासून एकेकाचं तोंड आठवून बघतोय.