लिलावातल्या महालक्ष्म्या

३ ऑगस्ट, रविवार
शु. उपाशी १३४.
डॉक्टरनं रोजची शुगर लिहायले ही वही दिली. एका आकड्यासाठी एवढं पान कोण वाया घालवते, म्हणून खाली लिहून राहिली.
धाकट्या जावेचा फोन, शंकर नगरहून. (पुढं नुसतं शं.न. लिहीन. तिचं नाव लिहायले शाई काहून घालवू.) नव्या फ्लॅटात सामान लागलं म्हणे. हॉल एवढा मोठा का आवाज घुमते. मी म्हटलं, तुझाच घुमत असन. हसली. मी मजाक केली नव्हती.
महालक्ष्म्या ३१ ले. यंदाही तिच्या घरी जाऊन पुरण करायचं. एकतीस वर्षं झाली. थोरली सून मी, मुखवटे माझ्या घरी पाहिजेत. सासूनं तिले दिले. ती शालू नेसून दारात बायांले हळदीकुंकू लावते, मी आत पुरणयंत्र फिरवते. काय सुंदर मांडल्या हो, म्हणतात तिले. पुरणाले कोणी सुंदर म्हणत नाही. नुसतं खातात.

५ ऑगस्ट, मंगळ
शु. १२९.
माझी सून अर्चना (मराठी समजते सगळं, बोलते हिंदी) मोबाईलवर जुन्या वस्तूंचा लिलाव पाहून राहिली होती. घरबसल्या आकडा टाकायचा, वेळ संपली का ज्याचा मोठा त्याची वस्तू. तिले समई पाहिजे. बोट सरकवता सरकवता दोन चेहरे गेले. म्हटलं मागं घे.
महालक्ष्म्यांचे मुखवटे. पितळेचे. एक इथं, एक तिथं, दोन वेगळे लिलाव, जसे काही दोन लोटे. विकणारा इथून जवळच्या दुर्ग शहरातला. त्याले काय माहीत बहिणी आहेत.
थोरल्या महालक्ष्मीच्या डाव्या कानाची पाळी तुटलेली.
तो कान मी ओळखते.
भाजीत मीठ दोनदा पडलं.

६ ऑगस्ट
शु. १२६.
अर्चनाकडून विकणाऱ्याले लिहवून घेतलं, डाव्या कानाचा जवळून फोटो पाठवा. पाठवला. आमच्याच. भांडेवाल्याच्या मोडीतून घेतल्या म्हणे, आमच्या रायपूरच्याच. सरळ विकत देता का विचारलं, तर म्हणे लिलाव सुरू झाला, आता मागं घेता येत नाही.
मग शं.न.ले फोन. गोड आवाजात. म्हटलं, यंदा मुखवट्यांले नवी नथ करते, माप दे. ती आधी हो म्हणाली. मग म्हणे, ताई, मुखवटे पॉलिशले दिले. कुठं दिले? तर, यांनी दिले, मले दुकान माहीत नाही.
पॉलिश. घर बदलताना जुन्या भांड्यांच्या पोत्यात गेले, हे सांगायले जीभ उचलली नाही. एकतीस वर्षं मिरवली सांभाळल्या म्हणून.
आज दुपारी झोप छान लागली.

७ ऑगस्ट
शु. १३१.
सासूचा कायदा, महालक्ष्मीच्या कामात जाईन तो पैसा सोळावर संपला पाहिजे. सोळा भाज्या, सोळा दिवे, सोळा पदरांचा दोरा, तसाच पैसा. शिंप्याले एकशे सोळा. फुलवालीले दोनशे सोळा. दुसऱ्या कोणत्या घरी असं पाहिलं नाही. मागं फुलवाली म्हणे, आजी, पंद्रह कर दो, छुट्टा नहीं है. सासूनं तिले एक रुपया शोधेपर्यंत उभं ठेवलं.
पंधराशेपासून सुरू. मी दोघींवर २०१६ टाकले. अर्चना आंघोळीले गेली तेव्हा भीती वाटली, कोणी वर जाईन. २३१६ केले.

८ ऑगस्ट
शु. १४०.
अर्चना कपाळाले हात लावून बसली. "आई, आपके ऊपर कोई था ही नहीं. आपने अपने ही ऊपर बोली लगा दी."
मले काय माहीत. मले वाटलं मोबाईल मोजून घेते.
तिनं शिकवलं ते लिहून ठेवते. पहिल्याच दिवशी आकडा टाकू नये, भाव आपणच चढवतो. पार्सलचा खर्च वेगळा, तो आधी विचारायचा. विकणाऱ्याबद्दल लोकांनी काय लिहिलं ते वाचायचं. कितीपर्यंत जायचं ते आधी ठरवायचं आणि मग देव आला तरी वर जायचं नाही. शेवटच्या मिनिटापर्यंत हात मांडीवर.
चवथी शिकलेलीले हे नवं नाही. पंडरीच्या कापडबाजारात लुगडं आवडलं तर मी आधी त्याच्याकडं पाहतच नाही, दुसरंच उचलते, मग पायरी उतरते. दुकानदार हाक मारतो तेव्हा परतते. इथं पायरी नाही. गप्प बसणं हीच पायरी.
तर आता गप्प.

१० ऑगस्ट, रविवार
शु. १५८. साखर खाल्ली नाही. पाहिलं म्हणून वाढली.
काल कोणीतरी २४०० टाकले, मग कोणी २५००. हे बाहेरचे, व्यापारी. गोल आकडेवाले. आज दुपारी तिसरा कोणी आला.
२६१६. दोघींवर.
नाव दिसत नाही तिथं, नुसत्या फुल्या. गरज काय. अख्ख्या रायपुरात सोळावर पैसा संपवणाऱ्या दोनच बाया उरल्या. एक मी.
म्हणजे तिनंही शोधलं. तिलेही पाहिजे. घरातून घालवल्यात ना बाई, आता काहून धावतेस? आणि आणल्या तर पुन्हा त्याच हॉलमध्ये उभ्या करशील, मी पुन्हा आत. कोणाले कळणारही नाही का गेल्या होत्या.
आणि माझेही २३१६ तिनं पाहिले असतीलच. म्हणजे तिलेही कळलं.
फोन नाही आला. मीही नाही केला.

१२ ऑगस्ट
शु. १४९.
हे अर्चनालेही नाही सांगितलं. कानाचं.
सगळे म्हणतात माझ्या हातून पडली. सासू म्हणे, हिच्या हाताले ठाव नाही, आणि पुढच्या वर्षी मुखवटे धाकटीकडं. मले सोळा वर्षं झाली होती त्या घरात, तिले दोन. सासूनं साडी नेसवायले तिले बोलावलं. थोरलीची साडी. माझ्या हातात नुसता मुखवटा धरायले दिला, खुंटीसारखी उभी.
पडली नाही. आपटली.
त्या दोघी बाहेर गेल्या तेव्हा. खोलीत कोणी नव्हतं.

१३ ऑगस्ट
शु. १४४. बाकी काही नाही. ३२१६ झाले तिचे. मी गप्प.

१६ ऑगस्ट, शनिवार
शु. १५२.
उद्या दुपारी चारले थोरलीचा लिलाव संपते, सव्वाचारले धाकटीचा. खात्यात दहा हजार आणि वरचे थोडे आहेत, माझे, कोणाले विचारायचं काम नाही. पोराले सांगितलं तर म्हणे, आई, नवीन घेऊन देतो, चमकतील तरी. त्याले काय सांगू.
देवापुढं सुपारी ठेवून आकडा बोलली. दोघींले पाच हजार एकशे सोळापर्यंत, सारखं. एकीले जास्त एकीले कमी केलं का काय होते ते मी एकतीस वर्षं पाहून राहिली.
अर्चना म्हणते, आकडा आधीच लिहून ठेवायचा, बोट वर धरायचं, वीस सेकंद राहिले का दाबायचं. आधी दाबलं तर समोरच्याले विचार करायले वेळ मिळते. सकाळपासून तिच्या समईवर सराव केला. समई पदरात पडली, साडेसहाशेत. तिले पाहिजे होती त्याहून मोठी आहे. चुकून.

१७ ऑगस्ट, रविवार
शु. मोजली नाही.
अर्चनानं ऑफिसची मीटिंग सोडली माझ्यासाठी, मोबाईलवरची. पोट्टी बरी आहे, सांगत नाही तिले.
व्यापारी चार हजाराले गळाले. मग आम्ही दोघीच. थोरलीवर तिचे ४२१६. चारले एक मिनिट कमी. मी ४८१६ लिहून बोट धरून बसली. अर्चना उलटे आकडे म्हणून राहिली. वीसले दाबलं. तिकडं शंकर नगरात काय झालं असन ते मले इथून दिसलं. चष्मा शोधेपर्यंत वेळ गेली.
थोरली माझी. एकतीस वर्षांनी. अर्चनानं पाणी दिलं, धाकटीले पंधराच मिनिटं होती.
मग धाकटी. शं.न. शिकली. पंधरा मिनिटांत शिकली, हेच तर तिचं आधीपासून. शेवटचं अर्धं मिनिट राहेपर्यंत हलली नाही, आणि मग ५११६.
माझाच आकडा. तिनंही दोघींले सारखंच बोललं असन, त्याच सासूची सून. मी ५११६ दाबले तर मोबाईल घेईना, हा आकडा आधीच पडला म्हणे, याच्या वर टाका.
अर्चना म्हणे, "आई, सत्रह! सत्रह डाल दो, एक रुपया!"
पाच, एक, एक झालं. बोट सातावर गेलं नाही.
वेळ संपली.

१८ ऑगस्ट
शु. १८८.
आज भाजी चिरता चिरता आठवलं का ५२१६ टाकता आले असते. तेही सोळाच. शंभर रुपये काय, थोरलीवरचे तीनशे वाचलेच होते. सुपारी बोलली होती म्हणून थांबली, असं लोकांले सांगीन. खरं म्हणजे डोकं चुलीत होतं.
धाकटी गेली शंकर नगरले. जिथून निघाली तिथंच. पैसे देऊन.

२२ ऑगस्ट
शु. १५५.
पार्सल आलं. चार पदर कागद, आत थोरली. डोळे उघडेच. चिंच लावून घासली, कानाजवळ हळू.
फळीवर ठेवली, पिठाच्या डब्याशेजारी. एकटीले बसवता येत नाही. सासू म्हणायची, बहिणी आहेत, एकटी जेवत नाही.
शेजारची साहू दीदी पोळ्याच्या सणाची ठेठरी-खुरमी, त्यांचा तळणाचा फराळ, द्यायले आली, तिनं पाहिलं. म्हणे, "दूसरी कहाँ हे दाई?" म्हटलं, येऊन राहिली, रस्त्यात आहे.
काहून बोलली काय माहीत.

२५ ऑगस्ट
शु. १४७.
अर्चना तिच्या चुलत जावेकडून, म्हणजे शं.न.च्या सुनेकडून, ऐकून आली. तिकडंही पार्सल आलं. शं.न.नं स्वतः दारात जाऊन घेतलं, देवघरात नेऊन रुमाल झाकला, घरात कोणाले हात लावू देत नाही. मोडीचं पोतं या सुनेनंच दिलं होतं, शं.न. देवदर्शनाले गेली असताना. तिनं सुनेले एक शब्दही म्हटला नाही.
मी असती तर म्हटला असता. पन्नास म्हटले असते.
हेही तिचं मले पाहवत नाही.

२८ ऑगस्ट
शु. १६३.
काल घरोघरी गणपती बसले, आज शं.न.चा फोन. तिच्याकडं झांजा वाजून राहिल्या होत्या.
"ताई, पॉलिश झालं."
"दोघींचं?"
"एकीचं."
"दुसरीचं माझ्याकडं झालं."
मी म्हटलं, थोरली धाकटीच्या घरी जात नसते.
"एकतीस वर्षं आल्याच ना ताई तुम्ही."
मले राग आला तो शब्दात नाही लिहिता येत. म्हटलं, मी पुरणासाठी येत होती, तुझ्यासाठी नाही. ती म्हणे माहीत आहे. आणि मग तिनं ते म्हटलं, आवाज न चढवता, भाव विचारावा तसं.
"कान तुटला तेव्हा मी दारात होती, ताई. तुम्ही आपटली. आईंले मी नाही सांगितलं."
मी फोन ठेवला.
एकतीस वर्षं. दरसाल मले तूप वाढायची, आणखी घ्या ताई, आणखी घ्या. माहीत होतं, आणि वाढायची. सांगून दिलं असतं तर मले भांडता तरी आलं असतं.

२९ ऑगस्ट
शु. १७१.
अर्चना म्हणते, आप एक बार मुँह से बोल दो, हो जाएगा. म्हटलं, काय बोलू. म्हणे, यही कि आ जाओ. म्हटलं, तिनं बोलावं. म्हणे, वो भी यही बोल रही होंगी.
होय तर. तिथंही एक अर्चना असन.
दोन साड्या काढून ठेवल्या, हिरवी आणि जांभळी. एक मुखवटा. साड्या दोन.

३० ऑगस्ट, शनिवार
शु. १३९.
उद्या महालक्ष्म्या यायच्या. दारापासून फळीपर्यंत पावलं काढायची रांगोळी चाळून ठेवली. मग थोरलीले फळीवरून काढून टोपलीत ठेवलं, नव्या खणावर. टोपली दाराजवळ आहे. आत यायले का बाहेर जायले, ते अर्चनानं विचारलं. मी म्हटलं, तू तुझी समई घास.
संध्याकाळी शंकर नगरहून कुमुदचा फोन. दरसाली याच दिवशी येते, याच वेळी, आणि दरसाली तेच विचारते.
"ताई, डाळ किती भिजवू?"
कुठं, ते ती बोलली नाही. मी विचारलं नाही.
म्हटलं, सव्वा किलो. चाळून घे, मागच्या वर्षी खडा आला होता.
"हव," म्हणाली. ठेवला नाही फोन. मीही नाही ठेवला. तिच्याकडं नळ सुरू झाला, पातेल्यात डाळ पडल्याचा आवाज आला. हॉलमध्ये घुमला.
मग मी उठली, माझ्याकडंही सव्वा किलो भिजवली.