लोड दिल्याशिवाय चालत नाही

सोमवार, सकाळी ९

कॉम्प्युटर गेला. फट् आवाज, जळका वास, पडदा काळा. आत हिचं पुस्तक. नर्स म्हणून काढलेल्या तीस वर्षांच्या आठवणी. एक प्रकरण बाकी, आणि शनिवारपर्यंत छापखान्यात द्यायचंय. ही घाबरली. मी नाही. शनिवारच्या आत सुरू करून देतो, असा शब्द दिला. ती नुसतं बरं म्हणाली. गहिवरली असावी.

दुपारी १

कॉम्प्युटरच्या दुकानदाराने डबा नुसता हुंगला. आतला, वीज पुरवणारा पॉवर सप्लाय गेलाय, बारा वर्षांचा आहे, फेका आणि नवीन टाका म्हणे. खोलूनसुद्धा बघितलं नाही! गेल्या वर्षी ऑफिसनेही मला असंच काढलं आणि माझ्या खुर्चीत नवीन माणूस बसवला. तेव्हा गप्प बसलो, अजून झोंबतं. आता बसणार नाही. डबा काखोटीला मारून घरी आलो आणि सप्लाय काढून घेतला. या घरात नवीन सप्लाय येणार नाही म्हणजे नाही.

मंगळवार

रिपेअरवाला सापडला. सत्तरीचा, जाड भिंगाचा चष्मा. आपला माणूस. त्याने सप्लाय खोलला. दोन कपॅसिटर फुगले होते, ते बदलले. तेवढ्यात दुकानातली वीज गेली. तपासून उद्या देतो म्हणाला. उद्या कशाला? मी उचलून निघालो. तो मागून ओरडला, की नुसता लावू नका, लोड दिल्याशिवाय चालत नाही.

संध्याकाळ. दिवाणावरचा लोड आणून सप्लाय त्याला नीट टेकवला. बटण दाबलं. ढिम्म. लोड मऊ पडत असणार.

बुधवार

शेजारणीकडून कडक लोड आणला. आता दोन्ही बाजूंनी लोड. तरी ढिम्म. हिने दारातून पाहिलं आणि हे काय म्हणून विचारलं. टेक्निकल आहे म्हटलं.

शेवटी स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वतः तपासणी केली. बंद सप्लायही झटका देतो असं रिपेअरवाला म्हणाला होता. झटका वगैरे काही बसला नाही. हात मीच मागे घेतला, जरा जोरात. चष्मा कपाटाखाली सापडला.

दुपारी लेक येऊन गेली. हातात खोका. बूट असतील. आतल्या खोलीत दार लावून मायलेकी दहा मिनिटं कुजबुजत होत्या. बायकांच्या गोष्टीत मी पडत नाही.

गुरुवार

सकाळपासून आतून कीबोर्डची टकटक. बिचारी! बंद कॉम्प्युटरवर बोटं चालवते. मला भरून आलं. सप्लाय घेऊन तडक रिपेअरवाल्याकडे गेलो. लोड देऊनही चालत नाही, अशी तक्रार केली. कसला लोड दिला म्हणून त्याने विचारलं. कापसाचा, म्हटलं. तो उठून पडद्यामागे गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

आल्यावर डोळे पुसत समजावलं. लोड म्हणजे वीज खाणारी वस्तू. सप्लायकडे कुणीतरी मागणारं लागतं, नाहीतर तो सुरूच होत नाही. हे मात्र मला मनापासून पटलं. बाकी मीही गंमतच करत होतो, असं सांगितलं. साहेब, लोड घेऊ नका, म्हणाला. हा आणखी तिसराच लोड.

माझ्या तपासणीत फ्यूजही उडालाय म्हणे. जुनी वस्तू नाजूक असतेच. उद्या मिळेल.

शुक्रवार

फ्यूज मिळाला नाही. उद्या नक्की. ही मात्र प्रसन्न, चक्क गुणगुणतेय. माझ्यावरचा विश्वास, दुसरं काय!

शनिवार, सकाळी ११

चालला! रिपेअरवाल्याने जुनी हार्ड डिस्क लोड म्हणून जोडली आणि पंखा भिरभिरला. दुकानदाराच्या दारावरून मुद्दाम दोनदा गेलो. दुकान बंद होतं. हरकत नाही.

११.३०

सप्लाय छातीशी धरून आतल्या खोलीत गेलो. कॉम्प्युटर चालू. आत नवाकोरा सप्लाय. बुधवारपासून. खोक्यात बूट नव्हते. सांगितलं का नाही, विचारलं. तुम्ही छान रमला होतात, म्हणाली. पुस्तक गुरुवारी रात्रीच छापखान्यात गेलं.

टेबलावर त्याचं शेवटचं पान पडलं होतं, ऋणनिर्देशाचं. लेकीचे आभार आहेत. मग माझेही आहेत: 'माझे यजमान शेवटच्या आठवड्यात दुसऱ्या कामात गुंतून राहिले, म्हणूनच हे पुस्तक वेळेवर पूर्ण झाले.'

दुपारी १२

छापखान्याला फोन केला. पानं छापून झालीत. आता दुरुस्ती होणार नाही म्हणाले.