खोटा हिरवा

बाबा, मी काय काम करते हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. आता अमरावतीला घरी बसून लांबच्या एका कंपनीचं काम करते. आई शेजारणींना सांगते, "आमची पोरगी कम्प्युटरची लाइनमन हाये." हसू नका, याहून नेमकं मलाही सांगता येत नाही. लोक मोबाइलवरून ॲम्ब्युलन्स बोलावतात, ती सेवा बंद पडू नये म्हणून आम्ही काही जण पाळीपाळीने राखण करतो. काही बिघडलं की अलार्म वाजतो, आणि ज्याची पाळी असेल त्याने हातातला घास ठेवून उठायचं.

घास ठेवून उठणं मी तुमचंच पाहिलेलं. बडनेऱ्याचं क्वार्टर, तव्यावर भाकर फुगते आहे, तुम्ही नुकतंच पिठलं वाढून घेतलंय, आणि सिग्नल बिघडला म्हणून यार्डातून तुमच्या हाताखालचा खलाशी बोलवायला येतो. आई चिडते, "दोन घास खाऊन गेले तं रेल्वे बुडते का तुमची?" तुम्ही बूट चढवता चढवता म्हणता, "लाल अडकला तं गाडी उभी राह्यते, लोकं शिव्या देतात. हिरवा खोटा पडला तं शिव्या द्याले कोणी उरत नाही." आईने त्यावर तुमच्याकडे असं पाहिलं होतं, की मी भराभर माझी भाकर संपवली.

मग एकदा तो खोटा पडलाच. मालगाडीचे डबे घसरले, रुळांवर काम करणारा एक गँगमन गेला. सिग्नलची ती तार गंजली आहे, बदला, हे तुम्ही साहेबांना किती वेळा सांगितलं होतं, पण सगळं तोंडी. चौकशीच्या अहवालात नाव आलं ते तुमचं. तुम्हाला सस्पेंड केलं, पुढे परत घेतलं तेव्हा अकोल्याला टाकलं. मधल्या काळात तुम्ही ओसरीत भिंतीकडे तोंड करून बसायचात आणि बडनेरा स्टेशनाकडचा रस्ता टाळून बाजारात जायचात. मी एकदा विचारलं, बाबा, आता तरी नीट केलं का त्यांनी ते? तुम्ही म्हणालात, "माणूस बदलला. तार तीच हाये." तेव्हा मला त्या सगळ्या साहेब लोकांचा जो राग आला तो अजून गेलेला नाही.

म्हणून आमच्या धंद्यातला एक रिवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला रडू आलं होतं. आमच्याकडे काही बिघडलं की नंतर अहवाल लिहितात, पण त्यात कोणाचंही नाव घालायचं नसतं. चूक कोणी केली हे विचारायचं नाही, चूक होऊ कशी शकली हे शोधायचं. मला वाटलं, हे तुमच्या वेळी असतं तर तुम्ही असे खचला नसतात, अजून असतात. मी सगळ्यांना हे अभिमानाने सांगत फिरायचे.

या उन्हाळ्यात एका दुपारी पाळी होती माझ्या सोबतच्या मुलीची. ती अकोल्याहून काम करायची, वडिलांचं शिलाईचं दुकान जेमतेम चाललेलं, घर तिच्याच पगारावर. आमच्याकडचा एक अलार्म कित्येक महिने उगाच वाजायचा. दुरुस्त करू, करू म्हणत सगळे पुढे ढकलत होते, आणि ज्याची पाळी असेल तो वाजला की बंद करायचा. मीही करायचे. तिनेही त्या दुपारी केला, आणि नेमका त्या दुपारी तो खरा होता. लोकांच्या मोबाइलवर दिसत होतं, गाडी निघाली. ड्रायव्हरपर्यंत निरोप जातच नव्हता. धामणगावकडच्या एका घरातले लोक म्हातारीला खाटेवर घेऊन दारात थांबून राहिले. गाडी निघाली म्हणताहेत, तर दुसरी कशाला शोधायची? शेवटी शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये घातलं, तेव्हा उशीर झाला होता. तुमचा खोटा हिरवा, बाबा. तो मला त्या दिवशी कळला.

अहवाल मी लिहिला. हा अलार्म आम्ही सगळेच बंद करत आलो, हे स्वच्छ लिहिलं. आमच्या साहेबांनी वाचून मान डोलावली आणि म्हणाले, "नाव नकोच. फक्त त्या वेळी पाळी कोणाची होती तेवढी खूण राहू द्या." पाळीचा तक्ता अख्ख्या कंपनीला दिसतो, वेळ कळली की नाव कळतंच. मी ती वेळ घातली. 'सगळेच'च्या जागी मला माझं नाव घालता आलं असतं, पण नाव घालायचा रिवाज नाही ना! कंपनीला माणसं कमी करायचीच होती, पंधरवड्यात तिला काढलं. कारण म्हणून खर्च कपात सांगितली. माझा अहवाल आता नव्या लोकांना नमुना म्हणून वाचायला देतात. अलार्म अजून तसाच आहे, आता माझ्या पाळीत वाजतो.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच इतकं लिहवतंय. तुम्ही समोर असतात तर भिंतीकडे तोंड केलं असतं.

काल तिचा फोन आला. रडत नव्हती, भांडत नव्हती. म्हणाली, "दीदी, मी अब्बाले तुमचा रिपोर्ट समजावून सांगितला. म्हटलं, पाहा, यात माझं नाव कुठंच नाही. तं ते इचारून राहिले, मंग काढलं काहून? काय सांगू त्यायले?"

मी म्हटलं, तुझा आवाज कटून राहिला, मी मंग लावते. आणि फोन ठेवला.

बाबा, तिचा आवाज अगदी स्वच्छ येत होता.