अज्जांच्या नावाची शपथ

कमरीपेठ, हुबळी
१२ जुलै २०२५

तीर्थरूप अज्जांस,
तुमच्या नातीचा, आरुषीचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर ओरडून माझा घसा बसतो आणि तुमच्यापर्यंत काहीच पोचत नाही. गोकुळ रोडच्या कारखान्यातल्या घणांनी तुमचे कान नेले, डोळे तेवढे शाबूत ठेवले, तेव्हा आपलं पत्रच बरं.

बातमी अशी की मी बी.एड.ला प्रवेश घेतला नाही. धारवाडला एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या डिग्रीला घेतला. अप्पा माझ्याशी बोलत नाहीयेत. जेवताना मीठ हवं असलं तर आईकरवी मागतात.

बी.ए. झाल्यापासून मी इथल्या युवा केंद्रात जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे. शाळा सुटलेली, कामाला लागलेली मुलंमुली संध्याकाळी येतात. कॅरम खेळतात, भांडतात, नोकरीचा अर्ज लिहायला शिकतात आणि मधूनच मनातलं बोलून जातात. हे काम मला येतं, अज्जा. पण संस्थेच्या लेखी मी अजून स्वयंसेविकाच. युथ वर्कर म्हणून नेमायचं तर हातात कागद हवा. घरबसल्या वर्षभरात होणारा डिप्लोमाही होता, पुस्तकं वाचा, परीक्षा द्या, झालं. पण त्यात कुणी आपलं काम बघायला येत नाही. एमएसडब्ल्यूला दोन वर्षं दर आठवड्याला फील्डवर्क असतं, आणि आमच्या श्रीलक्ष्मी मॅडम येऊन बघतात, चुका दाखवतात. म्हणून लांबची वाट धरली. फील्डवर्कला आमचंच केंद्र मिळालं, हे माझं नशीब.

अप्पांना तुम्ही चार ओळी लिहाल? तुमचं ते ऐकतात. काकांना, स्वातीकाकूला जयभीम. मी तुमचं ऐकलं नाही तरी लोभ आहे तसाच ठेवा.

तुमची,
आरुषी


बेळगाव
२१ जुलै २०२५

चि. आरुषीस,
अज्जाचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं, तरी एमएसडब्ल्यूच होतं. आमच्या वेळी पोरांबरोबर कॅरम खेळणाऱ्याला रिकामटेकडा म्हणत. आता त्याला दोन वर्षांची डिग्री लागते म्हणजे आम्ही उगीचच शिव्या खाल्ल्या.

खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. शिक्षिका म्हटलं की चारचौघांत मान असतो. युथ वर्कर म्हणजे काय, हे मी विहारात कुणाला कसं समजावू? पण एक गोष्ट पटली. मी कामाला लागलो तेव्हा मिस्त्रीनं कितीतरी दिवस हातात घण दिला नव्हता. नुसता बघत उभा राहा म्हणाला. ज्यांनी परस्पर उचलला त्यांनी बोटं घालवली. तेव्हा लांबच्या वाटेनंच जा.

इथं वर्षावासाचं वाचन सुरू झालंय. मी वाचतो, बायका ऐकतात, पुरुष डुलक्या घेतात. मला त्यांचं घोरणं ऐकू येत नाही, हा बहिरेपणाचा फायदा. स्वातीनं जेवणात मीठ कमी केलंय, डॉक्टरचं नाव सांगून छळते.

तुझ्या बापाला लिहिलंय की मीठ स्वतःच्या तोंडानं मागायला शीक. अभ्यास कर. तुझ्यावर राग आहे, पण तो लोभाच्या पोटातलाच.

तुझा,
बाळाप्पा अज्जा


कमरीपेठ, हुबळी
१० ऑगस्ट २०२५

तीर्थरूप अज्जांस,
सविनय जयभीम.

अप्पा बोलायला लागले. पण आज मी दुसऱ्याच काळजीत आहे. हे पत्र घरात कुणाला वाचून दाखवू नका.

केंद्रात योगिता नावाची मुलगी येते. सोळा वर्षांची, नववीनंतर शाळा सुटलेली. दाजीबानपेठेत एका बाईकडे साड्यांना फॉल लावते. तोंडानं फटकळ, पण लहान मुलींना स्वतःच्या डब्यातलं देते. गेल्या महिन्यात ती मला बाजूला घेऊन म्हणाली की एक सांगायचंय, पण आधी कुणाला सांगणार नाही अशी शपथ घे. मी हसत हो म्हटलं. तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही. जगात सगळ्यात लाडकं माणूस कोण, विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. तिनं माझा हात माझ्या गळ्यावर ठेवून तुमची शपथ घ्यायला लावली.

मग सांगितलं. दिवाळीनंतर घरचे तिचं लग्न लावणार आहेत, गदगकडच्या एका बत्तीस वर्षांच्या माणसाशी. तिला नको आहे. पण घरात पोलीस आलेले तिला त्याहून नको आहेत. तिला फक्त कुणाला तरी सांगायचं होतं.

पुढच्याच आठवड्यात वर्गात श्रीलक्ष्मी मॅडमनी या कामातला पहिला नियम सांगितला. मूल गुपित सांगायला आलं की ऐकण्याआधीच त्याला थांबवायचं. तुझ्या जिवाला धोका असेल तर मला सांगावं लागेल, हे आधी बोलायचं आणि मग ऐकायचं. गुप्ततेचं वचन कधीच द्यायचं नाही. सगळ्यांनी लिहून घेतलं. माझा पेन चालेना.

सांगितलं तर ती मुलगी पुन्हा कुणावर विश्वास ठेवणार नाही. नाही सांगितलं तर दिवाळीनंतर ती गदगला. आणि तुमची शपथ. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तुम्हीच तसं वाढवलंत. तरी तुमचं नाव मनात आलं की जीभ उचलत नाही. मला भीती वाटते, अज्जा. काय करू ते लिहा.

तुमची,
आरुषी


बेळगाव
१६ ऑगस्ट २०२५

चि. आरुषीस,
आशीर्वाद आणि जयभीम.

शपथ मोडून माणसं मरत असती तर कोर्टाच्या आवारात रोज सुतक असतं. आपल्या घरात गंडेदोरे चालत नाहीत, अंगारा चालत नाही, मग शपथच कशी चालली? नाव माझं, तेव्हा सोडवायचा हक्कही माझा. सुटली म्हणतो. झालं.

तुझी आजी यल्लव्वा पंधराव्या वर्षी या घरात आली. त्याबद्दल कधी एका शब्दानं बोलली नाही. पण तुझ्या आत्याला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला स्वतः जायची, पावसातसुद्धा. ते कशासाठी, ते मला माहीत आहे.

एकच सांगतो. त्या पोरीच्या पाठीमागून काही करू नकोस. आधी तिच्यासमोर बस आणि मी सांगणार आहे असं तिच्या तोंडावर सांग. रागावली तर रागावू दे. उशीर करू नकोस. अज्जा खमका आहे.

तुझा,
बाळाप्पा अज्जा


कमरीपेठ, हुबळी
७ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप अज्जांस,
सविनय जयभीम.

कार्डावर कळवलं होतं तसं गेल्या रविवारी सांगितलं. आधी तिला, मग मॅडमना. मॅडमनी माझ्यासमोरच चाइल्डलाइनच्या १०९८ला फोन लावला. अधिकारी येऊन गेले, आईवडिलांकडून लेखी घेतलं की अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही. लग्न मोडलं.

तुम्ही सांगितलंत तसं तिच्यासमोर बसून बोलले. तुम्ही शपथ सोडवलीत, तेही सांगितलं. ती म्हणाली की ज्यानं घातली त्यानंच सुटली म्हणायचं असतं, दुसऱ्या कुणी म्हणून सुटत नाही. आणि अज्जा गेले म्हणजे तुला कळेल, असं म्हणून उठली. मी तिच्या मागे गेले नाही.

मुलींच्या आयांनी मुलींना केंद्रात पाठवणं बंद केलंय. घरातलं बाहेर नेणारी बाई, हे आता माझं नाव. मॅडम म्हणतात मी योग्य केलं, पण पहिली चूक वचन देण्याची, आणि तीही फील्डवर्कच्या अहवालात जशी झाली तशी लिहायची. लिहिली. गट उरला नाही तर सत्र पुरं कसं होणार, ते त्या विभागात विचारून सांगणार आहेत. योग्य केलं तर इतकं वाईट का वाटतं? कधीकधी वाटतं अप्पांचंच खरं होतं, बी.एड. करून फळ्याकडे तोंड करून उभी राहिले असते तर बरं झालं असतं.

परवा योगिता केंद्राच्या दारापर्यंत आली. आत आली नाही. एका पोराकडून विचारून घेतलं की अक्काचे अज्जा बरे आहेत का. मी बरे आहेत म्हणून कळवलं, तशी गेली. लगेच दोन ओळी लिहा. मला तुमचं अक्षर बघायचंय.

तुमची,
आरुषी


बेळगाव
१५ सप्टेंबर २०२५

चि. आरुषीस,
आशीर्वाद आणि जयभीम.

अक्षर स्वातीचं आहे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय म्हणे, म्हणून मी सांगतो आणि ती लिहिते. बाकी ठणठणीत आहे. विहारातलं वाचन आता शेजारच्या लोकेशकडे दिलं, त्यालाही सवय व्हायला हवी.

त्या पोरीला माझा निरोप दे की म्हातारा मजेत आहे. तू डिग्री सोडायची नाहीस. घण पहिल्यांदा मारला की हात दुखतोच. दिवाळीपर्यंत इकडे येऊ नकोस, अभ्यास बुडेल.

लोभ करतोस का असं कुणी विचारलं तर हो म्हणतो.

तुझा,
बाळाप्पा अज्जा


बेळगाव
८ ऑक्टोबर २०२५

चि. आरुषीस,
स्वातीकाकूचा सप्रेम जयभीम.

हे पत्र मी मामंजींना न सांगता लिहिते आहे. फोन दोनदा हातात घेतला, पण बोलायच्या आधीच रडू येतं.

मोतीबिंदू वगैरे काही नाही. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी त्यांना हार्ट अटॅक आला. दवाखान्यात जरा शुद्धीवर आले आणि पहिली गोष्ट काय बोलले, तर आरुषीला कळवू नका. तू ज्या दिवशी त्या मुलीचं सांगणार होतीस तोच तो दिवस. तिला हे कळलं तर पुढच्या पोरीचं ऐकून ती तोंड मिटून बसेल, असं म्हणाले. मग तुझ्या काकांकडून, माझ्याकडून वचन घेतलं. तुझ्या अप्पांनाही माहीत आहे. दर रविवारी ते कामाला म्हणून निघतात ते इकडेच येतात.

डॉक्टर म्हणतात रक्तवाहिन्या कित्येक वर्षांपासून बंद होत आल्या होत्या. तू एका शब्दानंही स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. पण आता ते उठत नाहीत, जेवण तुटलंय, आणि झोपेत तुझं नाव घेतात. जागे झाले की मी तुला काही कळवलं नाही ना, हे विचारतात. असलं वचन पाळायचं नसतं, हे त्यांच्या उशाशी ठेवलेल्या तुझ्याच पत्रात वाचलं होतं. म्हणून मोडलं. ये. आमच्यावर राग धरू नकोस, आणि धरलास तरी ये.

तुझी,
स्वातीकाकू


कमरीपेठ, हुबळी
२६ ऑक्टोबर २०२५

बाळाप्पा अज्जांस,
योगिताचा नमस्कार.

तुमी मला वळखत न्हाई. मी आरुषी अक्काच्या केंद्रातली. मराठी शाळेत शिकले हाय पण सवय मोडली, चुकलं तर हसू नका.

अक्का बेळगावास्नं आली तवा मी तिच्या घरी गेले. तुमी बरं हाय का इचारलं. ती खोटं बोलली असती तर मला कळलं नसतं. ती खोटं बोलली न्हाई. तुमी आजारी हाय, पर दुखणं लई जुनं हाय, तुज्या शपथेनं न्हाई, असं सांगितलं. मग दोगी पण रडलो. मला तिचा लई राग आला हुता. घरातली अजून मला टोमणं मारत्यात. पर लगीन झालं न्हाई. फॉलवाल्या बाईनं आता पिकोचं मशीन चालवाय दिलंय.

अक्का डिग्री सोडते म्हणत हुती. मी तिला म्हटलं, सोडलीस तर मी कुणाला सांगू? काल मी केंद्रात आत गेले. दोन पोरी पण आणल्या. अक्कानं आमाला बसवून आधीच सांगितलं की कुठलं गुपित ठेवीन आणि कुठलं ठेवणार न्हाई. बरं वाटलं.

ज्यानं घातली त्यानंच सोडवायची असती. मी घातली हुती. म्हणून मी लिवते.

अज्जा, शप्पत सुटली. सुटली. सुटली.

आता उठून बसा. उत्तर काकूकडनं नको, तुमच्या हातानं लिवा. माजी वळख नसली तरी लोभ असू द्या.

तुमची,
योगिता